रेल्वेप्रेमींच्या गटात प्रांतावरून आणि खाण्यावरून होणारी चेष्टा मनावर घ्यावी का?

आपण नागपूरचे आहात, मुंबई-पुण्याकडच्या रेल्वेप्रेमींच्या गटात नुकतेच सामील झाला आहात आणि "सावजी खाणाऱ्याला इंजिनाची गरजच काय, तो स्वतःच वाफेवर धावतो" अशी वाक्ये ऐकून ही मंडळी आपल्याला हिणवत तर नाहीत ना, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बहुतेक वेळा तसे नसते. या टोमण्यांत माणसाच्या आधी त्याचा मार्ग, त्याच्याकडचे लोको शेड (म्हणजे इंजिनांच्या देखभालीचे आगार) आणि त्याच्या फलाटावरचा खाऊ यांची उणीदुणी काढली जातात, आणि काढणाऱ्यालाही त्याच पंगतीला बसावे लागते.

मी कल्याणचा आहे. आमच्या शेडची डब्ल्यूसीएएम जातीची इंजिने डीसी आणि एसी अशा दोन्ही विद्युतप्रवाहांवर चालत असत. त्यावरून "राहायचे एका गावात, कमवायचे दुसऱ्या गावात, इंजिनसुद्धा मेले तसलेच" हे मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे. 2016 मध्ये मुंबईच्या उपनगरी मार्गांवरून डीसी प्रवाह पूर्णपणे हद्दपार झाला, तेव्हा "आता तुमच्या दुटप्पीपणाला कोणी विचारीत नाही" अशी पुस्तीही जोडली गेली. खाण्याच्या बाबतीत तर आमची अवस्था केविलवाणीच आहे. कोल्हापूरकर तांबड्या-पांढऱ्याचे नाव काढतो, सोलापूरकर शेंगाचटणीची पुडी सोडतो, भुसावळकर भरिताचे वर्णन करू लागतो, कल्याणकराची खासियत कोणती असे कोणी विचारले, की चारही बाजूंनी उत्तर येते, "चौथी सीट!" (म्हणजे लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याने कशीबशी टेकायची जागा.)

पुणेकरांची सुटका त्याहून अवघड असते, कारण ते डेक्कन क्वीनविषयी घरच्या सुनेसारखे बोलतात. ही गाडी 1 जून 1930 रोजी सुरू झाली. दरवर्षी त्या तारखेला पुणे स्थानकावर तिचा वाढदिवस साजरा होतो, आणि टेबलाशी बसून कटलेट किंवा चीज टोस्ट खाता येईल असा तिचा डायनिंग कार हा डबा आजही मिरवला जातो. यावर इतरांचा ठरलेला शेरा असा, की पुण्यात पाहुण्याला "जेवूनच आला असाल ना?" असे विचारण्याची रीत असल्यामुळे बिचाऱ्या गाडीला स्वयंपाकघर बरोबर घेऊन फिरावे लागते. पुणेकर यावर रागावत नाहीत. ते फक्त व्याकरणाची चूक दाखवतात.

बाहेरच्या माणसाला या गप्पा पोरकट वाटतात, परंतु त्यांच्या तळाशी पुष्कळदा अभियांत्रिकीच असते. कर्जतच्या वड्याचेच पाहा. कर्जत ते लोणावळा या भोर घाटातील चढण 37 ला 1 (म्हणजे 37 मीटर अंतरात 1 मीटर चढ) इतकी कडक असल्याने पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून ढकलण्यासाठी बँकर इंजिने जोडावी लागतात. मागच्या टोकाला जोडणी चालू असताना रेल्वेप्रेमी कॅमेरा घेऊन तिकडे धावतात आणि बाकीचे प्रवासी खिडकीतून वडापाव घेतात. चढण सौम्य असती, तर त्या वड्याचे नाव इतके गाजले नसते, असे माझे मत आहे. म्हणूनच 10 फेब्रुवारी 2023 रोजी सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय आणि कर्जतला न थांबता घाट चढू लागली, तेव्हा सोलापूरकरांवर पहिला आरोप झाला तो "वड्याला वाऱ्यावर सोडल्याचा". कोकण रेल्वेचेही तसेच आहे. रोहा ते वीर हा दुहेरी झालेला भाग सोडला तर तिचा बहुतांश मार्ग एकेरीच आहे, त्यामुळे समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगसाठी तिष्ठत राहणे नित्याचे असते. गाडी फार वेळ थांबली, की गटातला कोणीतरी रत्नागिरीकर स्वतःच म्हणतो, "बांधावरून वाद लागलेला दिसतो, आता निकाल लागेपर्यंत फणस खा."

तरीही एक भेद आपण जरूर पाहावा. ज्याच्यावर विनोद होतो तो तिथे बसलेला असला आणि उलट बोलू शकत असला, तरच ती चेष्टा. उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या जनरल डब्यात दाटीवाटीने बसलेल्या माणसांवर, त्यांच्यापैकी एकही जण गटात नसताना, जे बोलले जाते ते मला कधीच मैत्रीपूर्ण वाटलेले नाही. कोणाच्या जेवणाच्या डब्यात मांसाहार आहे यावरून जातीकडे वळणारे बोलणेही तसेच. असे काही कानांवर पडले तर स्पष्ट आक्षेप घ्यावा. आमच्या गटात तो घेतला जातो, आणि घेणारे बहुधा वयाने सर्वांत लहान असतात.

सावजीवरून कोणी छेडले, तर मात्र आपण गप्प राहू नये, कारण गप्प बसणाऱ्याला ही मंडळी परका समजतात. पुढच्या भेटीला संत्रा बर्फी न्यावी, ती वाटून होईपर्यंत शांत राहावे आणि मग म्हणावे, "आमच्याकडे हावडा-मुंबई आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग एकमेकांना छेदतात, तुम्हाला नुसते लोणावळ्याला जायचे तरी मागून कोणीतरी ढकलावे लागते." पुणेकर दोन मिनिटे निरुत्तर होतील. त्याहून अधिक वेळाची अपेक्षा ठेवू नये.