शिरेतून दिलेले औषध नळीतच मुरते का?

शिरेतून दिले जाणारे औषध कॅथेटरच्या (शिरेत बसवलेल्या बारीक नळीच्या) प्लॅस्टिकमध्ये मुरते का, त्यामुळे डोस कमी पडतो का आणि सिलिकॉन व पॉलियुरेथेन यांपैकी कशाचा कॅथेटर बरा, असे आपण विचारले आहे. रुग्णालयातील फार्मासिस्ट म्हणून माझे उत्तर असे की, काही औषधे निश्चितच मुरतात. परंतु ती मुख्यतः मुरतात ती कॅथेटरमागच्या सलाईन सेटमध्ये आणि पिशवीत. कॅथेटरच्या पोकळीत साधारण एक मिलिलिटर द्रव मावतो आणि औषध तेथून लवकर पुढे सरकते. सेटची नळी मात्र दीड मीटरच्या आसपास असते आणि पिशवीत औषध तासन्‌तास राहते.

रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवणाऱ्या नायट्रोग्लिसरीनचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे औषध मऊ पीव्हीसीत (सेट व पिशव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्लॅस्टिकमध्ये) विरघळून जाते. वेग मंद आणि नळी लांब असेल, तर निम्म्याहून अधिक औषध वाटेतच राहू शकते. पूर्वीच्या अभ्यासांत पीव्हीसीचे सेट वापरले गेल्यामुळे मिनिटाला २५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेने सुरुवात होत असे, तर न शोषणाऱ्या नळीतून ती ५ मायक्रोग्रॅमने करावी लागते. उपचार चालू असताना सेटचा प्रकार बदलला आणि पंपाचा वेग तोच ठेवला, तर रक्तदाब अचानक घसरू शकतो. म्हणून सेट बदलल्याची नोंद झालीच पाहिजे, असा माझा आग्रह असतो. डायझेपाम हे झटके थांबवणारे औषधही पीव्हीसीत असेच मुरते.

इन्सुलिनचे तसे नाही. ते आत मुरत नाही, पृष्ठभागाला चिकटते, आणि काचेलाही चिकटते. त्यामुळे नुसते प्लॅस्टिक बदलून भागत नाही. सुरुवातीला सुमारे २० मिलिलिटर इन्सुलिनमिश्रित द्रव नळीतून सोडून टाकून द्यावा, म्हणजे चिकटण्याच्या जागा आधीच भरून जातात.

उलट दिशेनेही देवाणघेवाण होते. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले डीईएचपी हे द्रव्य पॅक्लिटॅक्सेल या कर्करोगावरील औषधाच्या द्रावणातील एरंडेलजन्य घटकामुळे बाहेर ओढले जाते आणि रुग्णाच्या रक्तात जाते. त्यामुळे हे औषध पॉलिइथिलीनचे अस्तर असलेल्या सेटमधूनच देतात. बेंडामस्टीन या कर्करोगावरील औषधाच्या एका द्रवरूपातील डायमिथाइल ॲसिटामाइड हे द्रावक तर पॉलिकार्बोनेट या कडक प्लॅस्टिकचे भागच विरघळवते. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१५ मध्ये त्याबद्दल इशारा दिला होता.

कॅथेटरच्या पदार्थाचा प्रश्न डोसापेक्षा टिकाऊपणाचा अधिक आहे. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी कॅथेटरमध्ये ७० टक्के इथेनॉल (मद्यार्क) भरून ठेवतात, तेव्हा काही प्रकारचे पॉलियुरेथेन कमकुवत होऊन त्याला चीर पडू शकते, तर सिलिकॉन ते बऱ्यापैकी सहन करते. अशा उपचारापूर्वी त्या विशिष्ट कॅथेटरचे माहितीपत्रक तपासावे आणि त्यात मद्यार्काला मनाई असेल, तर डॉक्टरांशी बोलून दुसरे द्रावण निवडावे.