४७ + ३८ = ७१५?

प्रश्न: नमस्कार ताई, मुलगी तिसरीत आहे, तोंडी छोट्या बेरजा पटापट करते पण वहीत ४७ + ३८ = ७१५ लिहिते. हातचा घे, हातचा घे असं सांगून दमले, दोन दिवस बरोबर येतं मग परत तेच. काय करू?

उत्तर: अहो, तिला बेरीज येते. सात नि आठ पंधरा बरोबर, चार नि तीन सात तेही बरोबर, फक्त एककाच्या घरात पंधरा राहू शकत नाहीत हे तिला अजून कळलेलं नाही, आणि नुसतं 'हातचा' म्हणून ते कळतही नाही, मुलं तो वर लिहायचा एक पाठ करतात नि विसरतात. सध्या तो शब्द बाजूलाच ठेवा.

आईस्क्रीमच्या काड्या घ्या, दहा-दहाच्या जुड्या बांधा. चार जुड्या सात सुट्या, शेजारी तीन जुड्या आठ सुट्या, मग सगळं एकत्र. सुट्या पंधरा झाल्या की विचारा, यातून अजून एक जुडी होईल का? आणि रबर तिलाच लावू द्या, प्लीज, घाईत तुम्ही लावू नका, कारण दहा सुट्यांचा एक दशक होतो हे तिला तिथेच कळणार आहे. आठ जुड्या, पाच सुट्या, ८५.

मग वहीत आडवं लिहू दे: ४० + ३० = ७०, ७ + ८ = १५, ७० + १५ = ८५. दशक आधी केले तरी काही बिघडत नाही. बालभारतीने २०१९ला दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन दिलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण मला ते आवडतं, 'चाळीस सात अधिक तीस आठ' म्हटलं की दशक-एकक आपोआप सुटे होतात, सत्तेचाळीस-अडतीसमध्ये ते लपून बसतात. आणि दर वेळी आधी अंदाज विचारा, ४७ पन्नासच्या आत, ३८ चाळीसच्या आत, म्हणजे उत्तर नव्वदच्या आतच हवं, ७१५ कसं येईल?

उभी मांडणी त्यानंतर, चौकटीच्या वहीत, एका चौकटीत एकच अंक. तीन अंकी बेरजेला खेळातल्या १, १० नि १००च्या नोटा बऱ्या पडतात. ३०४ + ९८ नक्की द्या, तिथे बारा सुट्यांतून एक दशक निघतो, तो नऊ दशकांत गेला की शंभरची नोट मिळते, दशकाच्या घरात शून्य उरतं नि ४०२ येतं.