थ्रीडी प्रिंटरवर रेझिनचं पहिलं मॉडेल काढताना
रेझिनला, म्हणजे प्रिंटरमधल्या प्रकाशाने कडक होणाऱ्या द्रवाला, उघड्या हाताने कधीच शिवू नकोस. नायट्राइलचे हातमोजे आणि उघडी खिडकी हवीच. मॉडेल आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये दोनदा धू, दुसऱ्यांदा स्वच्छ भांड्यात. मग सपोर्ट, म्हणजे मॉडेलला आधार देणाऱ्या बारीक काड्या, काढ, मॉडेल कडक करायला यूव्ही (अतिनील) दिव्याखाली ठेवण्याआधीच! मिनिटभर कोमट पाण्यात बुडवलं की ते अलगद सुटतात. माझ्या पहिल्या गणपतीचे सपोर्ट मी मूर्ती कडक झाल्यावर ओढले आणि सोंडेचं टोकही त्यांच्याबरोबर निघून आलं. फार वाईट वाटलं होतं. मॉडेल नीट वाळलं की मगच यूव्ही. पॉलिश पेपर आधी 400 चा, मग 800 चा, ओला करूनच घास. कोरडी धूळ छातीत जाते. प्रायमरचे, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचे, दोन पातळ हात पुरेत, जाड थराखाली दागिन्यांची नक्षी बुजते. वापरलेलं अल्कोहोल मात्र मोरीत ओतू नकोस.