पुढचे वाहन बाजूला झाले आणि माझी गाडी वेग घेऊ लागली

प्रश्न : माझ्या नव्या गाडीत पुढच्या वाहनापासून अंतर राखणारा क्रूझ कंट्रोल आहे. ताशी १०० किलोमीटरचा वेग ठरवून मी एका उंच ट्रकच्या मागून, त्याच्या कमी वेगाने जात होतो. ट्रक अचानक शेजारच्या लेनमध्ये गेला, तेव्हा त्याच्यापुढे एक बंद पडलेली मोटार उभी असल्याचे दिसले. माझी गाडी थांबण्याऐवजी वेग घेऊ लागली. मी ब्रेक दाबला म्हणून निभावले. यंत्रणेत बिघाड आहे का?

उत्तर : आपण वेळीच ब्रेक दाबलात, हे फार बरे झाले. वर्णनावरून हा बिघाड वाटत नाही. ही या यंत्रणेची मर्यादाच आहे, आणि गाडी ताब्यात देताना ती क्वचितच समजावून सांगितली जाते याची मला काळजी वाटते.

असे अंतर राखण्यासाठी बहुतेक गाड्यांत रडार असते. परत येणाऱ्या लहरींच्या कंपनसंख्येतील फरकावरून ते समोरच्या वस्तूचा सापेक्ष वेग ओळखते. मात्र रस्त्याकडेचे फलक, लोखंडी कठडे, डोक्यावरचे पूल यांच्यावरूनही लहरी परत येतात आणि या सगळ्या वस्तू स्थिर असतात. त्या प्रत्येकीसाठी ब्रेक लागला, तर मागून येणारे वाहन आदळेल. म्हणून अधिक वेगात असताना अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंना कमी महत्त्व देतात. आपल्या प्रसंगात ट्रक हेच यंत्रणेचे लक्ष्य होते. ते बाजूला होताच पुढचा रस्ता मोकळा आहे असे तिने धरले आणि ती १००चा वेग गाठायला निघाली. आपत्कालीन ब्रेकिंगची यंत्रणा वेगळी असते. ती कदाचित मध्ये पडली असती, परंतु अशा वेगात धडक टळेलच असे नाही, अनेकदा केवळ तिचा जोर कमी होतो.

ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. दोन सेकंद नजर रस्त्यावरून हटली, तर गाडी सुमारे ५६ मीटर पुढे गेलेली असते. त्यामुळे उंच वाहनामागे असताना सर्वांत मोठे अंतर निवडावे आणि पुढचे वाहन लेन बदलू लागताच पाय ब्रेकवर न्यावा. आणखी एक गोष्ट मालकांना सहसा ठाऊक नसते : क्रूझ कंट्रोल चालू असताना ॲक्सिलरेटर दाबून ठेवला, तर बहुतेक गाड्या अंतर राखण्यासाठी ब्रेक लावत नाहीत.

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने २०१४ मध्ये स्वयंचलनाच्या ० ते ५ अशा पातळ्या ठरवल्या. वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळणारी, पण चालकाने सतत लक्ष ठेवावे अशी अपेक्षा असलेली यंत्रणा दुसऱ्या पातळीवरची असते. तिथे रस्ता पाहण्याचे काम चालकाचेच असते.

प्रश्न : समोरची काच तडकल्यामुळे बदलून घेतली. तेव्हापासून लेनमध्ये ठेवणारी यंत्रणा स्टिअरिंग एका बाजूला ओढते. काच आणि स्टिअरिंग यांचा संबंध काय?

उत्तर : बहुतेक गाड्यांत लेनच्या रेषा पाहणारा कॅमेरा काचेच्या वरच्या भागात, आरशामागे असतो. काच बदलताना त्याचा रोख एका अंशाने जरी सरकला, तरी ५० मीटरवर सुमारे ८७ सेंटिमीटरची चूक होते, आणि तेवढ्याने गाडी रेषेच्या आत आहे की बाहेर हा हिशेबच बदलतो. काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याचा रोख पुन्हा अचूक जुळवणे, करावे लागते. काही गाड्यांत ते ठरावीक अंतरावर फलक उभारून होते, काहींत स्पष्ट रेषा असलेल्या रस्त्यावर गाडी चालवून, तर काहींत दोन्ही पद्धतींनी.

अधिकृत सेवाकेंद्रात ते करून घ्या आणि झाल्याची लेखी नोंद मागा. तोवर लेनची यंत्रणा बंद ठेवा. अनेक गाड्यांत हाच कॅमेरा आपत्कालीन ब्रेकिंगलाही माहिती पुरवतो, म्हणून तेवढे दिवस त्या ब्रेकवरही विसंबू नका.