टॅप चोराने केलं, बिल माझ्या नावावर

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते. गेल्या महिन्यात ठाण्याहून येताना लोकलच्या गर्दीत कुणीतरी पर्सची चेन उघडून पाकीट मारलं. घरी पोचेपर्यंत क्रेडिट कार्डावर पेट्रोल पंपावर २,००० आणि मोबाइलच्या दुकानात ४,९०० रुपये गेले होते. ८.१०ला कस्टमर केअरला फोन लावला. 'सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत' ऐकत बसले, फोन कटला, पुन्हा लावला. कार्ड ब्लॉक झालं ८.३५ला, मधे ८.२१ला आणखी ४,८५० गेले. दोन दिवसांनी शाखेत लेखी तक्रारही दिली. बँक म्हणते, कार्ड प्रत्यक्ष वापरलंय, पैसे तुम्हीच भरा. हवं तर ईएमआय करून देतो. पोलिसांनी 'पाकीट गहाळ' एवढंच लिहून घेतलं. काय करू?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी त्या ईएमआयला नाही म्हणा. हप्ते बांधून घेतले की खर्च तुम्ही आपला म्हणून मान्य केलात, असंच कागदावर दिसतं. बँकेच्या कार्ड विभागात असताना अशा फायली माझ्या टेबलावर यायच्या. हप्ते सुरू झालेल्या फायलीत ग्राहकाच्या बाजूने बोलायला फारसं काही उरत नसे.

'कार्ड प्रत्यक्ष वापरलंय' हे उत्तर पुरेसं नाही. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकात दुकानातल्या मशीनवर झालेले अनधिकृत व्यवहारही येतात, आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं आहे. इथे तर पिनचा संबंधच नाही. वायफायचं चिन्ह असलेलं कार्ड ५,०००पर्यंत नुसतं टेकवलं की चालतं. जानेवारी २०२१पूर्वी ही मर्यादा २,००० होती. आजची मर्यादा चोरांना पाठ असते. ४,९०० आणि ४,८५० हे आकडे बघा ना!

तक्रारीत तिन्ही व्यवहार एकत्र कोंबू नका. ८.२१चा वेगळा मांडा. ग्राहकाने कळवल्यानंतरचं नुकसान बँकेचं, अगदी आधी चूक ग्राहकाची असली तरी. बँक ८.३५ची वेळ धरून बसेल, तुम्ही ८.१०वर ठाम राहा. कॉल हिस्टरीचा स्क्रीनशॉट आजच काढा, तक्रार क्रमांकासोबत जोडा. ओळ बँकेची व्यस्त होती, त्याचा भुर्दंड तुम्ही का सोसायचा?

पहिल्या दोन व्यवहारांवर मात्र घासाघीस होईल. 'पाकीट सांभाळायला हवं होतं' असं ऐकवतील. परिपत्रकात निष्काळजीपणाचं उदाहरण आहे ते पिन-पासवर्ड दुसऱ्याला सांगण्याचं. गर्दीत पाकीट मारलं जाणं त्यात बसत नाही, असं माझं मत. बँकेचा मेसेज आल्यापासून कामाच्या ३ दिवसांत कळवलं तर शून्य जबाबदारी मागता येते, तुम्ही तर त्याच रात्री कळवलंत. (४ ते ७ दिवस लागले असते, तर ५ लाखांपर्यंत लिमिट असलेल्या कार्डावर १०,०००पर्यंतचा बोजा आला असता.) कळवल्यापासून कामाच्या १० दिवसांत रक्कम तात्पुरती जमा करायची असते आणि ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. ती जमा झाली का, हे स्टेटमेंटमध्ये बघा. नसेल तर लेखी मागा.

रागाच्या भरात अख्खं बिल थकवू नका. तुमचा स्वतःचा किराणा, वीजबिल वगैरे जे असेल ते वेळेत भरा. फ्रॉड म्हणून वाद घातलेल्या रकमेवर निकाल लागेपर्यंत शुल्क लावता येत नाही.

'गहाळ'चा दाखला पॅन कार्ड पुन्हा काढायला चालेल, इथे चोरीचा गुन्हाच नोंदवायला हवा. प्रकरण लोहमार्ग पोलिसांचं. पण १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३नुसार हद्दीचं कारण सांगून एफआयआर नाकारता येत नाही, आणि प्रत मोफत मिळते. पंपाचं सीसीटीव्ही फुटेज एव्हाना बहुधा पुसलं गेलं असेल, तरी अर्जात त्याची मागणी करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला नसेल तर तोही करा. खरं तर कार्ड ब्लॉक झाल्याझाल्या दुसरा फोन तिथेच जायला हवा.

लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. फी लागत नाही, वकीलही लागत नाही. 'फॉर्म भरून देतो, हजार रुपये द्या' म्हणणारे भेटतील, त्यांना वाटेला लावा.

नवं कार्ड आलं की ॲपमध्ये जाऊन टॅपची सोय बंद ठेवा, किंवा मर्यादा पाचशेवर आणा. आणि जुन्या कार्डावरून विम्याचा हप्ता आपोआप जात असेल, तर नवा नंबर तिथे लगेच कळवा, नाहीतर पॉलिसी लॅप्स व्हायची.