घरकुलाचा स्लॅब टाकायच्या आधीच सोलरचं ठरवा

तुमचा प्रश्न असा: मालवण तालुक्यात समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर प्रधानमंत्री आवास योजनेतलं घरकुल मंजूर आहे, चिऱ्याच्या भिंती लिंटेलपर्यंत आल्या आहेत. शेजारी आजोबांचं जुनं कौलारू घर, विजेचा मीटर तिथेच आणि बिलही वारलेल्या आजोबांच्याच नावावर. महिन्याला 90 ते 120 युनिट जळतात. सोलरवाला 3 किलोवॅट घ्या म्हणतोय, कारण त्यावर 78 हजार अनुदान आहे. घ्यावं का, आणि कुठल्या घरावर?

3 किलोवॅट घेऊ नका. 1 किलोवॅट घ्या, नव्या घरावर घ्या, आणि त्याआधी मीटरचं नाव मार्गी लावा.

आकडे बघा. छतावरच्या सोलरसाठीच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 रुपये मिळतात. त्यापुढे कितीही मोठा संच बसवला तरी अनुदान 78,000 वरच थांबतं. 1 किलोवॅट संच चांगल्या उन्हात महिन्याला 100 ते 120 युनिट देतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे उत्पादन बरंच घटतं, म्हणून वर्षाला 1,200 च्या आसपास युनिट धरा. तुमचा वर्षाचा वापर 1,300 च्या आतबाहेर आहे, म्हणजे 1 किलोवॅट जवळजवळ बरोबर बसतो. 3 किलोवॅटमधून दोन हजारांहून जास्त युनिट उरतील. जादा युनिट महावितरणच्या लाइनीत जातात आणि पुढच्या महिन्यात वळते होतात हे खरं, पण 31 मार्चला हिशेब बंद होतो आणि उरलेले युनिट महावितरण फार कमी दराने घेतं. त्यासाठी स्वतःचे लाखभर रुपये अडकवण्यात काही अर्थ नाही.

तुमच्या बाबतीत दुसरी जमेची बाजू घरकुलाचीच आहे. 2025 मध्ये राज्याने आवास योजना ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यातल्या घरांना 50,000 रुपये वाढीव दिले. त्यातले 35,000 बांधकामाला आणि 15,000 छतावरच्या सोलरला आहेत. सोलरचे 15,000 संच बसवला तरच मिळतात, बांधकामाकडे वळवता येत नाहीत. तुमची मंजुरी याच टप्प्यातली आहे ना, ते पंचायत समितीत आधी विचारा. असेल तर केंद्राचे 30,000 आणि हे 15,000 मिळून 45,000 झाले. साध्या 1 किलोवॅट संचाची किंमत 50,000 च्या घरात धरली जाते. समुद्राजवळ चांगलं लोखंडकाम करायचं तर त्यावर थोडे जास्त जातील, ते जाऊ द्या.

ज्यांचा वापर 100 युनिटच्या आत आहे त्यांच्यासाठी राज्याची 'स्मार्ट' योजना वेगळी आहे. त्यात 1 किलोवॅटवर केंद्राच्या 30,000 शिवाय दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला 17,500, अनुसूचित जाती-जमातीच्या ग्राहकाला 15,000 आणि इतरांना 10,000 मिळतात. तुमचे काही महिने 100 च्या वर जातात, म्हणून ती धरू नका.

आता नाव. कोकणात सोलरचे अर्ज छपरापेक्षा कागदावर जास्त अडकतात. घर सामाईक, असेसमेंटला म्हणजे घरपट्टीच्या नोंदीला चार भावांची नावं, बिलावर वीस वर्षांपूर्वी वारलेले आजोबा. अर्ज, बिल, आधार आणि बँक खातं या चारही ठिकाणी एकाच माणसाचं नाव सारखं लागतं, नाहीतर अनुदान अडकतं. जुना मीटर तुमच्या नावावर करायचा तर मृत्यूचा दाखला, वारसांचे कागद आणि बाकीच्या हिस्सेदारांची संमती लागेल. मुंबईतल्या एका काकांची सही राहिली तरी महिने जातात. तुम्हाला त्यात पडायची गरज नाही. नव्या घरकुलासाठी नवीन कनेक्शन घ्या आणि ते घरकुल ज्याच्या नावावर मंजूर आहे त्याच नावाने घ्या. मंजुरी बायकोच्या नावावर असेल तर मीटर, बँक खातं आणि सोलरचा अर्ज सगळं तिच्याच नावाने करा. ग्रामपंचायतीत नवीन घराची असेसमेंट नोंद लगेच करून घ्या, कारण मालकीचा पुरावा म्हणून नमुना 8 चा उतारा मागतात. जुन्या मीटरवर थकबाकी असेल तर ती आधी भरा.

जुन्या कौलांवर पॅनेल टाकायचा विचार सोडून द्या. साडेपाचशे वॅटचं एक पॅनेल साधारण 28 किलोचं असतं आणि त्याचा भार कौलावर नाही, थेट वाशावर जायला हवा. त्यासाठी कौल उचलून वाशाला हूक मारावे लागतात. जुने वासे वाळवीने पोखरलेले असले तर हूक पहिल्याच वादळात सुटतात. शिवाय माकडांनी फोडलेलं एक कौल बदलायलाही मग पॅनेल उतरवावं लागतं.

नव्या घराचा स्लॅब अजून टाकायचा आहे ही तुमची सगळ्यात मोठी सोय आहे. 1 किलोवॅटला दोन पॅनेल लागतात, त्यासाठी साधारण 100 चौरस फूट मोकळी जागा धरा. चार पायांसाठी फूटभर लांबी-रुंदी-उंचीचे चार चबुतरे स्लॅबबरोबरच ओतून घ्या. त्यांची सळई स्लॅबच्या सळईला बांधलेली हवी आणि 12 मिलिमीटरचे अँकर बोल्ट ओततानाच बसवलेले हवेत. नंतर ड्रिल मारून पाय ठोकले की तिथूनच पाणी झिरपतं, आणि आपल्या पावसात ती गळती हमखास खोलीत उतरते. केबलसाठी एक इंची पाइप आत्ताच सोडा आणि वरच्या तोंडाला खाली वळवलेला बेंड लावा.

मात्र एक आधी पक्कं करा: पुढे गळतीसाठी स्लॅबवर पत्र्याची शेड घालणार आहात का? इथे बहुतेक जण घालतात. घालणार असाल तर थोडं थांबा आणि पॅनेल शेडवरच घ्या, पण क्लॅम्प नुसत्या पत्र्याला न लावता पत्र्याखालच्या लोखंडी पट्ट्यांना धरलेले हवेत. शेड नसेल तर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून 15 ते 17 अंशांच्या उतारावर, स्लॅबपासून दीड-दोन फुटांवर ठेवा. आठ फूट उंच सांगाड्याचा आग्रह काही विक्रेते धरतात, खाली वाळवणाला जागा होते म्हणून. पण 2020 च्या निसर्ग आणि 2021 च्या तौक्ते चक्रीवादळांनी किनाऱ्यावर काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. उंच सांगाड्याला खालून वारा लागतो आणि तो उचकटतो. कोटेशनमध्ये सांगाडा ताशी 150 किलोमीटर वाऱ्यासाठी आहे असं लिहून घ्या.

माड किती जवळ आहेत ते बघा. वाऱ्यात झावळी आणि नारळ पडण्याच्या टप्प्यात पॅनेल नको. सावलीही तितकीच महत्त्वाची: एका पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी त्याला जोडलेल्या दुसऱ्याचं उत्पादनही घसरतं. सकाळी 9 ते दुपारी 3 या वेळात स्लॅबवर उभं राहून डिसेंबरातली सावली बघा. तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि सावली लांब पडते.

खाऱ्या हवेसाठी सांगाडा गरम जस्तात बुडवलेला घ्या, नुसता रंगवलेला नको. कापलेल्या आणि भोक पाडलेल्या जागी जस्ताचा लेप लावून घ्या, गंज तिथूनच सुरू होतो. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे, शक्य तर 316 दर्जाचे. पॅनेलला खाऱ्या धुक्याची चाचणी, म्हणजे आयईसी 61701, झालेली आहे का ते माहितीपत्रकात बघा. पॅनेल भारतीय सेलचे, म्हणजे डीसीआर हवेत, नाहीतर अनुदान मिळत नाही. इन्व्हर्टर समुद्राकडच्या भिंतीवर नको, आतल्या पडवीत लावा. ऑक्टोबर ते मे या काळात महिन्यातून एकदा सकाळी गोड्या पाण्याने पॅनेल धुवा.

अर्थिंग हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. पॅनेलकडची डीसी बाजू, घराकडची एसी बाजू आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक असे तीन खड्डे लागतात. जांभ्याची जमीन एप्रिल-मे महिन्यात इतकी सुकते की साध्या रॉडला अर्थ मिळत नाही. ओल धरून ठेवणारी बेंटोनाइट माती भरलेलं अर्थिंग घ्या आणि खड्डे न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथे, केळीच्या आळ्याजवळ काढा. मोजमाप 5 ओहमच्या आत आलं पाहिजे आणि ते समोर मोजून घ्यायचं.

लाइट गेली की ग्रिडचा, म्हणजे महावितरणच्या लाइनीला जोडलेला सोलर बंद पडतो, भर उन्हातसुद्धा. खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी तसं केलेलं असतं. बॅटरीला या योजनेत अनुदान नाही, तेव्हा पावसाळ्यातल्या अंधारासाठी साधा घरगुती इन्व्हर्टर वेगळा ठेवा. बिलही पूर्ण शून्य होणार नाही, दर महिन्याचा ठरलेला स्थिर आकार राहतोच.

ज्यांचं घर फक्त गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात उघडतं त्यांनी सोलर घेऊ नये. बंद घराचं बिल मुख्यतः स्थिर आकाराचं असतं आणि तो सोलरने जात नाही.

वापर 100 च्या खाली आणणं तुम्हाला सहज जमेल, आणि तिथेच दराचा टप्पा बदलतो: 101 व्या युनिटचा वीज आकार पहिल्या शंभरापेक्षा दुपटीहून जास्त आहे. 75 वॅटचा पंखा बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा 10 च्या आसपास. विहिरीचा 1 एचपी पंप माडांसाठी रोज तासभर चालत असेल तर सुमारे 30 युनिट तेच. न्हाणीत नारळाच्या सोडणांवर आणि झावळ्यांवर पाणी तापत असेल तर गिझर आणू नका.

क्रम असा ठेवा: असेसमेंट, नवीन मीटर, मग सूर्यघरच्या राष्ट्रीय पोर्टलवर 12 अंकी ग्राहक क्रमांकाने अर्ज, मग तिथल्याच नोंदणीकृत विक्रेत्याची निवड. 10 किलोवॅटपर्यंत वेगळी तांत्रिक मंजुरी लागत नाही. करारात पाच वर्षांची देखभाल लिहून घ्या. संच बसला, घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा नेट मीटर लागला आणि तपासणी झाली की पोर्टलवर बँक तपशील आणि रद्द केलेला चेक टाका, अनुदान थेट खात्यात येतं. विक्रेत्याची शेवटची रक्कम नेट मीटर लागून बिलावर 'निर्यात' युनिट दिसेपर्यंत हातात ठेवा.