ओटीजीत धोंडस (काकडी-गुळाचा केक) खालून करपतं, वरून पांढरं राहतं. जाळी कुठे लावू?

जाळी बहुधा सगळ्यात खालच्या खाचेत आहे. तिथे टिनाचा तळ रॉडच्या अगदी जवळ येतो, आणि धोंडसातला गूळ करपायला वेळ लागत नाही. खाच मोजू नका, टिन बघा: टिनाचा मध्य ओव्हनच्या मध्यावर यायला हवा. जाळी ओव्हन थंड असतानाच बसवा, मग दोन्ही रॉडवर १७० अंशांना १० मिनिटं तापवा. टिन भिंतींपासून दोन बोटं लांब. जाळीवर फॉइल अंथरलात तर गरम हवा वर फिरतच नाही (हा उद्योग बरेच जण करतात). शिजूनही वरून पांढरंच राहिलं, तर शेवटी चार-पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत ते यासाठीच.

भरलं पापलेट मात्र वरच्या खाचेत, खाली रस झेलायला ट्रे.